कोरडी बशी

खोली दाखवण्याआधी घरमालकांनी माझ्या नवऱ्याला जीभ बाहेर काढायला लावली होती.

माझी बदली नुकतीच गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत झाली होती. बाजाराच्या रस्त्यावर एका कपबशीच्या दुकानाचा वरचा मजला भाड्यानं द्यायचा आहे, असं शाळेच्या शिपायानं सांगितलं आणि आम्ही दोघं एका रविवारी दुपारी तिथं जाऊन बसलो. आतून चहा आला. उकळता, वाफा निघणारा, पांढऱ्या कपबशीत. घरमालक समोर लाकडी खुर्चीवर मांडी घालून बसले होते आणि भाड्याचं, पाण्याचं, विजेचं एक अक्षर न काढता आमच्या तोंडाकडे पाहत होते. माझ्या नवऱ्याला त्याच्या आजीनं लहानपणापासून बशीतून चहा पाजलेला. त्यानं सवयीनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि भुरका घेतला.

"काऊन जी?" घरमालक म्हणाले. "कपाले काटे हायेत का?"

"गरम आहे," नवरा म्हणाला.

"चाय गरमच रायते. तोंडात आग होते का?"

"नाही हो."

"ठेचा खाता?"

"खातो की."

"खर्रा?"

"नाही."

"जीभ दाखवा."

माझं डोकं फिरलं. मी पर्स उचलून उठलेच होते, पण माझा नवरा जन्माचा आज्ञाधारक. कोणी दरडावून सांगितलं की करायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं जीभ बाहेर काढली. घरमालकांनी खिशातला चष्मा चढवला, त्याचं तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं, जीभ पाहिली, गालांची आतली बाजू पाहिली आणि म्हणाले, "साफ हाय. खोली पाहून घ्या. पन अठी राहाचं असन तं चाय कपानं पेवाची. मले पाहाले सोपं जाते."

हा माणूस ठार वेडा आहे, चल इथून, असं मी जिन्यातच म्हटलं. नवरा म्हणाला, खोलीला दोन खिडक्या आहेत. मग आम्ही त्या वेड्या माणसाच्या डोक्यावर कित्येक वर्षं राहिलो.

त्यांना सगळं गाव काकाजी म्हणायचं, त्यांच्या बायकोला काकू. उंच, थोडे पोक काढून चालणारे, अंगात बंडी आणि पायजमा, पायात मात्र कायम चकचकीत बूट. गावाबाहेर धानाची शेती होती, ती ते दुपारी पाहायचे. सकाळ-संध्याकाळ दुकान. दुकानात काचेच्या बरण्या, चिनीमातीची लोणच्याची भांडी, आणि मुख्य म्हणजे कपबश्या. माल खोक्यांत तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, बांधून यायचा. तो सोडताना काकाजी एकेक कप कानाशी धरून बोटानं वाजवायचे आणि त्याचा आवाज पसंत पडला तरच फळीवर ठेवायचे. नापसंत कपाशी ते बोलायचे. "तुजं काई खरं नाई," म्हणायचे, आणि बाजूला टाकायचे.

गिऱ्हाइकाशी बोलण्यात एवढीही माया नव्हती. आठवडी बाजाराच्या दिवशी एक नवी सून आली. तिला सहा कप हवे होते, बश्या नको होत्या. आजकाल कोण वापरतं, नुसती घासायची भांडी वाढतात, म्हणाली. खोटं नव्हतं. मलाही तेच वाटायचं. काकाजींनी कप परत फळीवर ठेवले. "जोडी तोडत नाई मी. घ्याचं असन तं जोड घ्या, नाई तं रस्ता पकडा." ती रस्ता पकडून समोरच्या दुकानात गेली आणि तिथून प्लास्टिकचे मग घेऊन मुद्दाम यांच्या दारावरून गेली. काकाजींनी तिला हाक मारली. मला वाटलं, नरमले. ते म्हणाले, "बाई, तुज्या घरवाल्याले सांग, कधी तोंड आलं तं लपवजो नोको."

चहाच्या टपऱ्यांवर कागदी कप आले तेव्हा तर त्यांचं टपरीवाल्यांशी उभं वैर झालं. ते स्वतःची कपबशी रुमालात गुंडाळून पिशवीत नेऊ लागले. बस स्टँडवर उभे राहून आपल्या कपात चहा घ्यायचे, कपानंच प्यायचे, आणि बशी नुसतीच खाली धरून आजूबाजूच्या पोरांकडे टक लावून पाहायचे. पोरं पाठ फिरवून प्यायची. मागून कोणीतरी ओरडायचं, "काकाजी, बशी उपाशी हाय तुमची!" सगळे हसायचे. काकाजी हसायचे नाहीत. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

मी एकदा त्यांच्याशी सरळ वाद घातला. म्हटलं, बशीचं काम काय ते तरी सांगा. बिस्किट ठेवायला? बिस्किट हातात धरता येतं. सांडलेला चहा धरायला? नीट आणला तर सांडत नाही. तुमच्या घरात काकू बश्यांचा उपयोग करतात तो दुधावर झाकायला, तुळशीपुढं नैवेद्याला आणि कुंकू भिजवायला. चहाला कोण वापरतं?

काकाजी खोकं सोडत होते. तणस झटकत म्हणाले, "माजा लाना भाऊ होता. अठीच बसे, तुमी बसल्या तठी. आंधी कपानं चाय पे. मंग बशीत ओताले लागला. मी म्हनो, म्हाताऱ्यावानी काय पेतं रे! हासत होतो त्याले. वरीसभर बशीत चाय पेला तो माज्या समोर, अन् म्या वरीसभर मजा घेतली त्याची. तोंडात आग होत होती त्याच्या म्याडम. कप होटाले लावता येत नोयता. डाक्टरनं पायलं तवा गाल आतून सडला होता."

काकाजींनी खोक्यातून पुढचा कप काढला.

"आपल्या भागात खर्रा कोन नाई खात सांगा. मास्तर खाते, पोलीस खाते, पुजारी खाते. बंद करा म्हनून कोनी बंद करते का? पन ज्याचं तोंड आतून जाते ना, त्याले गरम सहन होत नाई. सांगत नाई तो कोनाले. लाजते. बशी सांगते."

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला ऐवज. आमच्या भागात तो पाहुण्याला पाण्याआधी विचारतात. काकाजी स्वतःही खायचे. भावाची राख गार झाली त्या दिवशी सोडला, असं काकू सांगायच्या. तेव्हापासून त्यांनी गावाच्या तोंडांची राखण सुरू केली. म्हातारा माणूस बशीत पितो ती सवय, पण तरणं पोरगं कपावरून बशीवर आलं की धरायचं, हा त्यांचा कायदा.

हा कायदा कधी बरोबर निघायचा, कधी साफ चुकायचा. चौकातल्या शिंप्याला त्यांनी असाच दुकानातून उठवला, मोटारसायकलवर मागं बसवला आणि गोंदियाला दवाखान्यात नेऊन टाकला. शिंपी वाटेत शिव्या देत होता. त्याच्या गालाचा तुकडा काढावा लागला, पण माणूस वाचला, आणि काकाजींची पायजमा-बंडी तो जन्मभर फुकट शिवायला तयार होता. काकाजी त्याच्याकडे शिवायला टाकेनात. म्हणाले, टाके वाकडे येतात.

उलट, ओळखीच्या एका घरी सोयरिकीच्या बैठकीत सालेकशाकडच्या नवऱ्या मुलानं चहा बशीत ओतला आणि यांनी भर बैठकीत त्याला आ करायला सांगितलं. लग्न मोडलं. मुलाकडची माणसं दुसऱ्या दिवशी जीप करून आली आणि दुकानातली दोन खोकी रस्त्यावर आपटून गेली. काकू अर्धा दिवस काचा वेचत होत्या. त्या मुलाला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. आज त्याला दोन लेकरं आहेत आणि बाजारात काकाजी दिसले की तो लांबूनच जीभ बाहेर काढून दाखवतो. काकाजी चष्मा लावून पाहतात आणि मान डोलावतात.

असा हा माणूस. चार लोकांत न्यायची सोय नाही, आणि घरी बोलवायचीही नाही. माझ्या आईला त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं की तुमची कवळी आहे का. पण मी तापानं पडले तेव्हा रोज संध्याकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून, वर न येता, "म्याडम जित्या हायेत का?" असं ओरडून विचारणारेही तेच होते.

त्यांचा एकुलता एक मुलगा गुड्डू. पंचविशीचा असेल. बापाचं एक लक्षण त्याच्यात नव्हतं. गोड बोलायचा, गिऱ्हाइकाला हसवायचा, माझं सिलिंडर न सांगता खांद्यावर घेऊन वर आणून द्यायचा. काकाजी शेतावर गेले की दुकान तो पाहायचा. त्याला रायपूरहून रंगीत मग आणायचे होते. "बाबा, सारे मगच मांगून राहिले," म्हणायचा. काकाजी म्हणायचे, "मगात मानूस कसा पेऊन राहिला ते समजत नाई." तिथं विषय संपायचा.

गुड्डूही कॉलेजात असताना खर्रा खाऊ लागला होता. काकाजींनी त्याला मारलं नाही. देवघरात नेलं, आपल्या त्या भावाच्या फोटोसमोर उभं केलं आणि सोडल्याची शपथ घ्यायला लावली. शपथेवर मात्र त्यांचा भरवसा नव्हता. त्यांचा भरवसा सकाळच्या चहावर होता.

दिवसभर बापलेकांची तोंडं एकमेकांना फारशी दिसायची नाहीत. एक शेतावर तर एक दुकानात, जेवणंही पुढंमागं. सकाळी ओसरीवर मात्र दोघं समोरासमोर बसायचे. काकू आतून चहा आणायच्या. काकाजी आपला कप हातात धरून गुड्डूकडे पाहत राहायचे. गुड्डू कप तोंडाला लावायचा, हळूहळू प्यायचा आणि रिकामा कप कोरड्या बशीत ठेवायचा. काकाजी म्हणायचे, "हं." मग ते आपला चहा प्यायचे. मी शाळेत जायला जिना उतरायचे तेव्हा रोज हा कार्यक्रम चाललेला असायचा. त्या एका "हं"साठी त्या घराचा दिवस अडलेला असायचा.

पुढं गुड्डू बारीक दिसायला लागला. हसताना तोंडावर हात धरू लागला. आम्ही सगळ्यांनी त्याचा सोयीचा अर्थ काढला की पोरगं कुठंतरी गुंतलं आहे. एका गिऱ्हाइकानं काकाजींना तोंडावर विचारलं, "गुड्डू सुकून राहिला जी, काई होते का त्याले?" काकाजी म्हणाले, "उन्हातानात फिरते गाडीवर. तब्येत बराबर हाय त्याची. म्या रोज पायतो, बशी कोरडी हाय." हे ते इतक्या खात्रीनं बोलले की विचारणारा ओशाळला.

धानाची कापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. रविवार होता. काकूंचे गुडघे सुजले होते म्हणून मी सकाळी त्यांना डाळ निवडून द्यायला खाली गेले होते. ट्रेमध्ये चहाचा एक कप आधीच भरून ठेवलेला होता, दुसरा त्यांनी ओट्याशी बसून ओतला आणि उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा, मी नेते. त्या "नको, नको" म्हणत होत्या, ते मी दुखण्यावर घातलं आणि ट्रे उचलला. ओसरीवर दोघं बसलेच होते. मी आपल्या रीतीप्रमाणं आधी मोठ्या माणसाला, म्हणून अलीकडचा कप काकाजींना दिला आणि दुसरा गुड्डूपुढं ठेवला. आतून काकूंची हाक आली, "म्याडम!" पण तोवर मी ट्रे काखेत मारला होता.

गुड्डू कपाला हात लावेना. त्याच्या कपातून वाफ निघत होती. काकाजी नेहमीसारखे त्याच्याकडे पाहत थांबले. तो म्हणाला, "तुमी घ्या बाबा." त्यांनी सहज एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चहा कोमट होता. काकूंना हाक मारायला त्यांनी मान आत वळवली, तर काकू स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभ्या होत्या, दुखऱ्या गुडघ्यांवर. त्यांचा चेहरा पाहून काकाजींची हाक तोंडातच राहिली. त्यांनी हातातल्या कपाकडे पाहिलं, मग गुड्डूच्या कपातल्या वाफेकडे.

"पी," ते म्हणाले.

"थोडा थांबतो."

"पी म्हन्लो."

गुड्डूनं कप उचलला. ओठाला लावला. त्याचे डोळे गच्च मिटले. त्यानं कप खाली ठेवला आणि बापाच्या देखत, मान खाली घालून, चहा बशीत ओतला.

मला काय झालं ते धड कळलं नव्हतं. काकाजींना कळलं होतं. बायको रोज मुलाचा चहा आधी ओतून निववत होती, आणि आपण रोज त्या निवलेल्या चहाला "हं" म्हणत होतो.

"कवापासून?" त्यांनी विचारलं. ते कोणाला विचारलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ते उठले. बूट घातले. "कपडे घाल," गुड्डूला म्हणाले. "गोंद्याले जाचं हाय." काकूंच्या जवळून ते आत पैसे आणायला गेले आणि जवळूनच बाहेर आले. त्यांना एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, आता परत आल्यावर या घरात आग लागणार.

आग लागली नाही. ते परत आले तेच नागपूरला जायची तयारी करायला. पुढचं सगळं लवकर लवकर झालं आणि तरीही उशिराच झालं. नागपूरच्या डॉक्टरनं काकाजींना विचारलं, एवढे दिवस काय करत होते? काकाजी म्हणाले, पाहत होतो. जबड्याचा एक भाग काढला. मग किरणांचे शेक दिले. मी आणि नवरा भेटायला गेलो तेव्हा गुड्डूचा चेहरा एका बाजूनं आत गेला होता आणि काकाजी त्याच्या खाटेशी बसून दूध निववत होते. घरून नेलेल्या दोन बश्या. या बशीतून त्या बशीत, त्या बशीतून या बशीत. बोट बुडवून पाहायचे, मग चमच्यानं त्याच्या तोंडात सोडायचे. अर्धं बाहेर यायचं. ते पुसायचे आणि पुन्हा सोडायचे. साऱ्या गावावर खेकसणारा तो माणूस तिथं इतक्या हळू आवाजात बोलत होता की मला बाहेर जाऊन रडावं लागलं.

काकाजी औषधं आणायला खाली गेले तेव्हा गुड्डू माझ्याशी बोलला. शब्द फुटत नव्हते, जवळ कान न्यावा लागत होता. "बाबाले समजलं असतं तं मरून गेले असते म्याडम. वाटे, आज निभलं, उद्या कमी होऊन जाईन. माईले म्याच म्हन्लं, थंडी करून देत जा. तिले वाटलं, तोंड आलं हाय नुस्तं." मग म्हणाला, "माईवर नाव नाई आलं पायजे." मी त्याला शब्द दिला, पण तो पाळणं माझ्या हातात नव्हतं.

काही दिवसांनी नळीनं भरवायची वेळ आली आणि बश्या खाटेखाली ठेवल्या गेल्या. पावसाळ्यात धानाची रोवणी लागायच्या आत गुड्डू गेला.

काकू रडल्या नाहीत. लोक म्हणाले, धक्का बसला आहे, येईल रडू. आलं नाही. त्या जेवत नव्हत्या, झोपत नव्हत्या, एका जागी बसून स्वयंपाकघराकडे पाहत राहायच्या. मला एकदाच म्हणाल्या, "म्याच मारलं म्याडम त्याले. रोज आंधीच ओतून ठेवो त्याचा कप, थंडी व्हाले." मी म्हटलं, काकू, तुम्हाला काय माहीत होतं. त्या म्हणाल्या, "माय होती मी. आनखी कोनाले मालूम पायजे?" मग म्हणाल्या, "हे मले शिव्या देत नाई जी. एक शिवी देली असती तं बरं झालं असतं." त्यांच्या आवाजात काही उरलं नव्हतं. मला त्यांची भीती वाटली.

भीती काकाजींनाही वाटत होती. त्यांनी मागच्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. संडासाची आतली कडी काढून टाकली. मला जिन्यात गाठून म्हणाले, "हिच्याकडं पायजा म्याडम. एकटी नाई सोडाची. भावाले सांगतो म्हनते, साऱ्याईले सांगतो म्हनते. सांगतलं तं जगनार नाई ते." मी म्हटलं, तुम्ही तिच्याशी बोला ना. तुम्ही माफ केलं असं एकदा म्हणा. ते म्हणाले, "येत नाई तोंडात." खोटं बोलता न येणारा माणूस होता तो. माफ केलं नव्हतंच त्यांनी. आणि तरी विहिरीवर जाळी बसवली होती.

तेराव्या दिवशी, तेरवीला, घर भरलं होतं. काकूंचे थोरले भाऊ, गुड्डूचे मामा, कामठ्याहून आले होते. गुड्डूला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं होतं, पोराच्या शाळेच्या सुट्ट्या त्यांच्याच शेतावर जायच्या. ओसरीवर पुरुषमंडळी बसली होती, आत पंगतीची पानं मांडून झाली होती. मी आणि काकू ट्रेमधून पाणी घेऊन दारात आलो तेव्हा मामा बोलत होते. आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"जवाईबापू, साऱ्या गोरेगावाची तोंडं पायली तुमी. लोकाईची लग्नं मोडली. शिंप्याले उचलून नेलं. अन् आपल्या घरच्या पोराचं तोंड नाई दिसलं तुमाले? रोज समोर बसून चाय पेत होते ना तुमी? काऊन नाई दिसलं? सांगा ना, काऊन नाई दिसलं?"

सगळी ओसरी काकाजींकडे पाहू लागली. या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं आणि ते माझ्या शेजारी उभं होतं. काकूंनी ग्लासांचा ट्रे खाली ठेवला. पदर सारखा केला. त्या आता बोलणार हे मला दिसलं आणि मला त्यांचा हात धरायचंही सुचलं नाही.

"दादा," त्या म्हणाल्या, "ते मी..."

"दिसलं होतं," काकाजी म्हणाले.

मामा थांबले.

"दिसलं होतं मले. बशीत पेत होता तो. लय आंधीपासून. हे आत राहे, हिले का मालूम? माज्या समोर ओते बशीत. म्या पायलं, अन् म्या म्हन्लं, तोंड आलं असन, होईन बरं. धान कापाचं होतं. गाडीघोडं होतं. म्याच ढील देली."

काकू नवऱ्याकडे पाहत उभ्या होत्या. काकाजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते मामांकडे सरळ पाहत होते, बश्यांवरून गिऱ्हाइकांशी भांडताना पाहायचे तसेच, एक पाऊल मागं न सरता.

त्या ओसरीवर खरी गोष्ट माहीत असलेली आम्ही तीनच माणसं होतो. ज्या एका गोष्टीसाठी या माणसानं जगाचं हसू सोसलं, माल फोडून घेतला, गिऱ्हाइकं घालवली, ती तो चारचौघांत आपल्या हातानं मोडून टाकत होता. मला दिसलं आणि मी चूप राहिलो असं कधी झालं नाही, एवढं तरी त्याच्याजवळ उरलं असतं. तेही त्यानं देऊन टाकलं. माझं आणि त्यांचं वर्षानुवर्षं पटलं नव्हतं. तेव्हा मात्र मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"पायलं अन् चूप राहिले?" मामा म्हणाले.

"हाव."

"मंग बाप कायचे तुमी?"

"बराबर बोलून राहिले तुमी," काकाजी म्हणाले.

मामा उठले. "या घरी मी अन्न खानार नाई," म्हणाले आणि चपला शोधू लागले. त्यांच्या मागोमाग कामठ्याची सगळी माणसं उठली, आणखीही काही उठली. तेरवीच्या पानावरून माणूस उठून जाणं म्हणजे काय, ते आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. काकाजी हात जोडून त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत गेले. कोणी मागं वळून पाहिलं नाही.

काकू दारातच खाली बसल्या आणि मोठ्यानं रडू लागल्या. पोटातून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं. बाया धावल्या, कोणी पाणी लावलं, कोणी तोंड दाबून चूप करायला लागली. काकाजी परत आले ते दारात थांबले.

"रडू द्या तिले," ते म्हणाले. "बाया हो, हात काढा. रडू द्या."

मग ते आत गेले. निम्मी पानं रिकामी होती. त्यांनी वाढप्याच्या हातातून वरणाची बादली घेतली आणि जे बसले होते त्यांना वाढत निघाले.